डिस्कच्या पोटातली वंशावळ

तुम्ही विकत घेतलेली एक ब्लू-रे डिस्क आहे. तिच्यावर ओरखडे पडण्याआधी घरच्यासाठी एक प्रत काढून ठेवावी असं तुमच्या मनात येतं. डिस्कवरच्या सगळ्या फाइली तुम्ही हार्ड डिस्कवर उतरवता. एकही बाइट इकडचा तिकडे होत नाही. मग ते सगळं जसंच्या तसं एका कोऱ्या डिस्कवर लिहिता, ती प्लेअरमध्ये घालता, आणि प्लेअर सरळ नकार देतो. दोन्ही डिस्कवरच्या फाइली शेजारी ठेवून ताडून पाहिल्या तर तंतोतंत सारख्या! मग एक चालते आणि दुसरी चालत नाही, हे कसं काय?

इंटरनेटवर या तक्रारीचे असंख्य प्रकार सापडतात. कोणाची डिस्क सुरूच होत नाही. कोणाच्या प्रतीत चित्र येतं, पण मध्येच चौकोनी ठिगळांनी भरून जातं. कोणाचा आवाज वीसेक मिनिटांनी गप्प होतो. कोणाचा तर अख्खा सिनेमा उलटसुलट क्रमाने चालतो. आणि सगळ्यांत गूढ तक्रार ही: कालपर्यंत चालणारी जुनी डिस्क आज चालत नाही, आणि मधल्या काळात घडलं एवढंच की त्याच ड्राइव्हमध्ये एक नवी डिस्क घालून पाहिली. वाचणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. पण यातल्या बहुतेक ठिकाणी काहीही बिघडलेलं नसतं. एक विलक्षण कुलूप आपलं काम चोख करत असतं, आणि प्रत्येक तक्रार म्हणजे त्या कुलपाच्या आतला एकेक पुर्जा बाहेरून दिसण्याची संधी असते.

आधी जो खराखुरा बिघाड असतो, तो बाजूला काढू. ब्लू-रेवरची माहिती एका सर्पिल रेघेत लिहिलेली असते. शेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर ३२० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीन हजारांहून जास्त वेढे. एका थरावरची ती रेघ सरळ ताणली तर सुमारे २७ किलोमीटर भरेल. सगळ्यांत छोटा खड्डा १५० नॅनोमीटर लांबीचा. इतकं बारीक वाचायला ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळट लेझर लागतो, आणि माहितीच्या थरावर पारदर्शक आवरण असतं ते जेमतेम ०.१ मिलिमीटरचं. त्यावर बोटाचा ठसा उमटला की लेझरला खालचं किती दिसणार?

तरीही सिनेमा चालतो, कारण डिस्कवर दर २१६ बाइटमागे ३२ बाइट जादा लिहिलेले असतात. अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेलं हे गणित. कोणता बाइट चुकला हे आधी ठाऊक नसतानाही ते अशा गटातल्या १६ चुका शोधतं आणि दुरुस्त करतं. चुकीची जागा आधी कळली असेल तर ३२. शिवाय एका गटाचे बाइट डिस्कवर दूरदूर विखरून लिहितात, म्हणजे एकाच ओरखड्याचा मार सगळा एका गटावर पडत नाही. ओरखडा या गणितालाही भारी पडला की वाचन अडतं, आणि ते दरवेळी साधारण त्याच जागी अडतं. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्यावर ती जागा सुटली, तर मामला धुळीचा होता. पण डिस्क स्वच्छ असून सुरुवातीलाच नकार आला, तर धुळीचा काही संबंध नाही. तिथून कुलपाची हद्द सुरू होते.

या कुलपाचं नाव एएसीएस. आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, तोशिबा, मात्सुशिता, डिस्ने आणि वॉर्नर या आठ कंपन्यांनी २००४ साली एकत्र येऊन ते उभं केलं. त्याआधीचा धडा ताजा होता. डीव्हीडीच्या कुलपाची किल्ली फक्त ४० बिटांची होती, आणि १९९९ साली ते कुलूप उघडणारा प्रोग्रॅम जगभर पसरला. त्या प्रकरणात पुढे खटला चाललेला नॉर्वेतला योन लेक योहान्सन त्या वेळी होता पंधरा वर्षांचा! नव्या कुलपासाठी एईएस ही पद्धत निवडली, किल्ली १२८ बिटांची. अशा किती किल्ल्या संभवतात? ही संख्या लिहायला ३९ अंक लागतात. एकेक करून आजमावत बसण्याचा रस्ता तिथेच संपला.

आता पहिल्या कोड्याकडे वळू. फाइली सारख्या, तरी प्रत का चालत नाही?

कारण डिस्कवर असं काहीतरी आहे जे कोणत्याच फाइलमध्ये नाही. कारखान्यात सिनेमाची मूळ साचेडिस्क तयार होते, तेव्हा परवाना असलेलं एक खास उपकरण तिच्यात १२८ बिटांचा एक ओळख-अंक निराळ्या तऱ्हेने कोरून ठेवतं. घरच्या रायटरला ही खूण लिहिताच येत नाही. तो अंक नेहमीच्या वाचनातही कधी बाहेर येत नाही. ड्राइव्हला तो दिसतो, पण ड्राइव्ह तो सहजासहजी कोणाला सांगत नाही.

मग सांगतो कोणाला? सिनेमा दाखवणारं सॉफ्टवेअर ड्राइव्हपुढे आपलं प्रमाणपत्र ठेवतं. ड्राइव्ह त्याची सही तपासतो आणि आपलं प्रमाणपत्र दाखवतो, ते सॉफ्टवेअर तपासतं. दोघेही एकमेकांना ऐन वेळी सुचलेला एक यादृच्छिक अंक देतात आणि समोरच्याने त्यावर सही करून दाखवायची असते. म्हणजे कालचं संभाषण चोरून ऐकून ठेवलं असेल तरी आज त्याचा काही उपयोग नाही. खातरजमा झाली की मगच तो ओळख-अंक हवाली होतो. तुम्ही डिस्क ट्रेमध्ये ठेवता आणि पडद्यावर काही दिसायच्या आधी हे सगळं उरकलेलं असतं. एकाच टेबलावरची दोन यंत्रं, एकाच केबलने जोडलेली, आणि तरी एकमेकांवर आंधळा विश्वास ठेवत नाहीत.

तो अंक हाती आला म्हणजे सिनेमा उघडला का? अजून नाही. डिस्कची एक मुख्य किल्ली असते. मुख्य किल्ली आणि ओळख-अंक यांच्या संयोगातून त्या डिस्कची खास किल्ली बनते. त्या खास किल्लीने, डिस्कवरच एका फाइलमध्ये बंद करून ठेवलेली सिनेमाची किल्ली उघडते. आणि सिनेमा तरी एका कुलपात थोडाच आहे? त्याचे ६,१४४ बाइटांचे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्याचे पहिले १६ बाइट उघडे, आणि त्या १६ बाइटांतून सिनेमाच्या किल्लीच्या मदतीने त्या एकाच तुकड्याची स्वतंत्र किल्ली तयार होते. तीस अब्ज बाइटांचा सिनेमा असेल तर असे जवळजवळ ४९ लाख तुकडे. ४९ लाख कुलपं, प्रत्येकाची किल्ली निराळी, आणि तुम्ही सोफ्यावर बसून गाणं बघत असताना ती एकामागून एक उघडत जातात. तुकडे स्वतंत्र असल्यामुळेच रिमोटचं बटण दाबून थेट शेवटच्या प्रसंगावर उडी मारता येते. मधलं काही उघडावं लागत नाही.

चौकोनी ठिगळांचं एक कारणही इथे सापडतं. एईएस १६ बाइटांच्या गठ्ठ्यांवर काम करते. दुरुस्तीच्या गणितातून निसटलेला एकच चुकीचा बिट कुलूपबंद मजकुरात शिरला, तर उघडल्यावर तो अख्खा गठ्ठा निरर्थक होतो, आणि पुढच्या गठ्ठ्यातलाही एक बिट उलटतो. चांगल्या कुलपाची हीच खूण आहे. आत जरा ढवळलं की बाहेर पूर्ण गोंधळ दिसला पाहिजे, नाहीतर ढवळणाऱ्याला आतलं थोडंथोडं उमगू लागेल.

हे सगळं हुशारीचं आहेच. पण माणसाने थक्क होऊन उभं राहावं अशी जागा पुढे आहे. वर मी सहज म्हटलं, ‘डिस्कची एक मुख्य किल्ली असते’. ती प्लेअरला मिळते कुठून?

प्रश्न नीट समजून घ्या. सिनेमा विकणाऱ्याला जगातल्या सगळ्या प्लेअरना ही किल्ली द्यायची आहे. प्लेअर इंटरनेटला जोडलेला असेलच असं नाही. त्याच्याशी बोलायचा मार्ग एकच, तो म्हणजे ही डिस्क. आणि डिस्क सगळ्यांसाठी सारखीच छापलेली. आता समजा, कोणीतरी एक प्लेअर फोडून त्याच्या आतल्या किल्ल्या बाहेर काढल्या. इथून पुढच्या डिस्क त्या एकाच प्लेअरवर चालू नयेत, बाकी सगळ्यांवर चालाव्यात, आणि बाकीच्या प्लेअरना हातसुद्धा लावायचा नाही. जमेल?

सगळ्या प्लेअरना एकच किल्ली दिली, तर एक फुटला की सगळे फुटले. डीव्हीडीत थोड्याच किल्ल्या होत्या, त्यामुळे तिथे डाव लवकर आटोपला. बरं, प्रत्येक प्लेअरला वेगळी किल्ली देऊ आणि मुख्य किल्ली प्रत्येकासाठी निराळ्या कुलपात घालून डिस्कवर लिहू. २१४ कोटी प्लेअर धरले तर १६ बाइटांप्रमाणे नुसती ती यादीच ३४ अब्ज बाइटांची होईल. एका थराच्या ब्लू-रेवर जागा २५ अब्ज बाइटांची! सिनेमाचं तर सोडाच, किल्ल्यासुद्धा मावणार नाहीत.

अमोस फियाट आणि मोनी नाओर यांनी १९९३ साली या कोड्याला गणिताची चौकट दिली. २००१ साली दलित नाओर, मोनी नाओर आणि जेफ लॉट्सपीच यांनी जे उत्तर मांडलं, त्याच कल्पनेवर ब्लू-रेचं कुलूप उभं आहे. ते उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मला काही वेळ नुसतं बसून राहावंसं वाटलं होतं.

एक वंशावळ डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांत वर मूळ पुरुष. त्याला दोन मुलं, त्या प्रत्येकाला दोन, असं ३१ पिढ्या खाली. शेवटच्या पिढीत २१४ कोटींहून जास्त वंशज होतात, आणि त्यांतला प्रत्येक जण म्हणजे एक प्लेअर. वंशावळीतल्या प्रत्येकाला एक गुपित आहे. नियम असा की बापाचं गुपित कळलं की गणिताने मुलांची गुपितं काढता येतात, पण मुलाच्या गुपितावरून बापाचं कधीच काढता येत नाही. असं एकाच दिशेने जाणारं गणित एईएसच्याच साहाय्याने बांधता येतं.

आता प्लेअरला कोणती गुपितं द्यायची? त्याच्या थेट पूर्वजांची द्यायची नाहीत. त्याचं स्वतःचंही नाही. द्यायची ती त्याच्या भावाची, काकाची, चुलत आजोबांची, चुलत पणजोबांची, अशी थेट वरपर्यंत, प्रत्येक पिढीतलं एक. काकाचं गुपित हाती आलं की चुलतभावांची आपोआप निघतात. चुलत आजोबांचं मिळालं की त्यांची सारी शाखा उघडी. म्हणजे फक्त ३१ गुपितं जवळ ठेवून हा प्लेअर अख्ख्या वंशातल्या कोणाचंही गुपित काढू शकतो. अपवाद एकच, त्याची स्वतःची थेट ओळ.

पुन्हा वाचा. प्रत्येकाला सगळ्यांचं गुपित माहीत आहे. फक्त स्वतःचं नाही.

मग एका प्लेअरला वगळायचं कसं? मुख्य किल्ली त्याच्याच गुपिताच्या कुलपात बंद करायची! बाकीचे २१४ कोटी ते कुलूप उघडतील. तो एकटा उघडू शकणार नाही. डिस्कवर लिहावे लागले फक्त १६ बाइट आणि कोणाला वगळलं एवढी खूण. मला याहून सुंदर बहिष्कार ठाऊक नाही. दाराबाहेर कोणाला हाकललेलं नाही, नवी किल्ली कोणाला वाटलेली नाही, आणि तरी अब्जावधींच्या गर्दीतला नेमका एक जण बाहेर राहिला.

दोघांना वगळायचं असेल तर? पहिल्याचं गुपित दुसऱ्याला ठाऊक असणारच, म्हणून हीच युक्ती जशीच्या तशी वापरता येत नाही. त्यासाठी वंशावळीतल्या प्रत्येक शाखेला मूळ मानून तिच्यापुरती गुपितांची एक नवी, स्वतंत्र मांडणी करतात. म्हणजे प्लेअरजवळ पहिल्या मांडणीची ३१, त्याखालच्या शाखेची ३०, मग २९, असं करत एकापर्यंत. बेरीज ४९६. कोणालाच वगळायचं नसेल त्या वेळेसाठी आणखी एक. एकूण ४९७ किल्ल्या, आठ हजारांहूनही कमी बाइट. एवढ्या शिदोरीवर २१४ कोटींतल्या कुठल्याही टोळक्याला वगळता येतं. एक हजार प्लेअर बाद करायचे असतील तर जास्तीत जास्त १,९९९ कुलूपबंद प्रती लिहाव्या लागतात. आणि बाद झालेल्या त्या हजारांनी आपापल्या किल्ल्या एकत्र करून डोकं लढवलं, तरी त्यांना आत शिरता येत नाही. कारण डिस्कवर ज्या गुपितांची कुलपं घातलेली असतात, ती गुपितं त्यांच्यातल्या कोणालाच काढता येत नाहीत.

प्रत्यक्ष ब्लू-रेमध्ये पिढ्यांची आणि किल्ल्यांची मांडणी व्यवहारातल्या गरजांप्रमाणे केलेली आहे, पण चालतं ते याच तत्त्वावर. आणि हे सगळं कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक संरक्षित डिस्कच्या एका फाइलमध्ये बसलेलं असतं. सिनेमाच्या शेजारी, निमूटपणे.

आता ती सगळ्यांत गूढ तक्रार उलगडते. बाद झालेल्यांची यादी नव्या डिस्कबरोबर येते हे आपण पाहिलं. पण त्या फाइलमध्ये आणखी एक यादी असते, कोणत्या सॉफ्टवेअरची प्रमाणपत्रं रद्द झाली त्याची. ड्राइव्हला आपल्याजवळच्या यादीपेक्षा नवी यादी दिसली की तो ती स्वतःच्या कायमच्या स्मृतीत नोंदवून ठेवतो. यादीवर अधिकृत सही असते, म्हणून खोटी यादी शिकवता येत नाही. म्हणजे तुम्ही नवा सिनेमा घरी आणता, ट्रेमध्ये ठेवता, आणि त्या क्षणी तुमचा ड्राइव्ह काहीतरी नवं शिकतो. पुढे तुम्ही दहा वर्षं जुनी डिस्क घातली तरी तो ते विसरत नाही. जुन्या सॉफ्टवेअरने प्रमाणपत्र पुढे केलं की तो म्हणतो, तुमचं नाव यादीत आहे. इंटरनेट नाही, अपडेट नाही, कोणाची परवानगी नाही. प्लास्टिकच्या चकतीवरून निरोप आला आणि यंत्राने तो पाळला. अधिकृत सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घातली की त्याला नवं प्रमाणपत्र मिळतं आणि गाडी पुन्हा रुळावर येते. ‘सॉफ्टवेअर अपडेट करा’ हा सल्ला कितीही कंटाळवाणा वाटला तरी त्याच्यामागे एवढं सगळं आहे.

मग असं कुलूप कधी फुटलंच नाही का? फुटलं, आणि वर्षभराच्या आत फुटलं. २००६ च्या डिसेंबरात ‘मसलिक्स६४’ असं नाव घेतलेल्या कोणीतरी एक छोटा प्रोग्रॅम जाहीर केला. ब्लू-रेची तेव्हाची प्रतिस्पर्धी असलेल्या एचडी डीव्हीडीसाठी. तिचं कुलूपही हेच होतं. त्याची तक्रार ओळखीची वाटेल. त्याने विकत घेतलेला सिनेमा त्याच्याच संगणकावर चालत नव्हता, कारण त्याचा मॉनिटर सुरक्षित जोडणीचा नियम पाळणारा नव्हता.

त्याने एईएस मोडली का? नाही. वंशावळीचं गणित मोडलं का? तेही नाही. सिनेमा चालू असताना त्याची किल्ली संगणकाच्या स्मृतीत कुठेतरी असायलाच हवी, एवढाच विचार करून त्याने ती तिथे शोधली. पुढे २००७ च्या फेब्रुवारीत ‘अर्नेझामी’ नावाने लिहिणाऱ्या दुसऱ्या एकाने, तोवर बाजारात आलेल्या डिस्कना चालणारी एक सामाईक किल्लीच शोधून काढली. १६ बाइट, लिहायला ३२ अक्षरं. ती काढून टाकण्याच्या नोटिसा वेबसाइटांना जाऊ लागल्या आणि १ मे २००७ रोजी डिग या संकेतस्थळाच्या वाचकांनी बंड केलं. नोंदी पुसाव्यात तेवढ्या नव्या येत राहिल्या, आणि रात्री संस्थापक केव्हिन रोझ यांनी पुसणं थांबवल्याचं जाहीर केलं. लोकांनी तो अंक टी-शर्टांवर छापला, त्याचे बाइट रंग म्हणून वापरून झेंडा बनवला. एका अंकावर मालकी असू शकते का, हा प्रश्न त्या दिवशी चव्हाट्यावर आला.

कुलपाने मात्र ठरल्याप्रमाणे उत्तर दिलं. फुटलेल्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्या बाद झाल्या आणि त्या महिन्याच्या अखेरीस नव्या यादीच्या डिस्क आल्या. पण त्या दुकानात पोचण्याआधीच पुढची किल्लीही हाती लागल्याच्या बातम्या पसरल्या होत्या. तेव्हापासून हा पाठलाग चालू आहे. गणित शाबूत, आणि तरी कुलूप उघडं. याचं कारण कोणाचा हलगर्जीपणा नाही, मांडणीच तशी आहे. इतर कुलपांत चोर बाहेर असतो आणि मालक आत. इथे ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच घरी, त्याच्याच टेबलावर, किल्लीसकट पेटी ठेवलेली आहे.

म्हणूनच सिनेमावाल्यांनी एका कुलपावर भिस्त ठेवली नाही. काही डिस्कवर बीडी प्लस नावाचा आणखी एक थर असतो. पॉल कोखर यांच्या कंपनीने तो तयार केला. हे कोखर म्हणजे १९९६ साली, संगणकाला हिशेब करायला किती वेळ लागतो एवढ्यावरून आतली गुप्त किल्ली ओळखता येते, हे दाखवणारे संशोधक. त्यांची कल्पना अशी की डिस्कवर नुसती माहिती नको, एक प्रोग्रॅमही ठेवू. प्लेअरच्या आत एक लहानसा आभासी संगणक असतो, डिस्कवरचा प्रोग्रॅम त्याच्यावर चालतो, आणि आपण खऱ्या प्लेअरमध्ये आहोत ना याची चौकशी करतो. चित्र काही ठिकाणी मुद्दाम बिघडवून ठेवलेलं असतं. खात्री पटली तरच तो प्रोग्रॅम चालता चालता ते दुरुस्त करतो. ठिगळं पडण्याचं हे दुसरं कारण. पहिलं अपघाताने घडतं, दुसरं ठरवून.

उलटसुलट सिनेमाचा प्रकार मला याहून गमतीदार वाटतो. ब्लू-रेवर सिनेमा कित्येकदा बऱ्याच तुकड्यांत ठेवलेला असतो, आणि कोणता तुकडा कोणानंतर दाखवायचा हे सांगणाऱ्या छोट्या क्रमयाद्या वेगळ्या असतात. मूळ हेतू साधा. एकाच डिस्कवर दिग्दर्शकाची लांब आवृत्ती आणि थिएटरातली आवृत्ती, दोन्ही मावाव्यात. काही निर्मात्यांनी यातून चकवा तयार केला. डिस्कवर शेकडो क्रमयाद्या, सगळ्यांची लांबी जवळपास सारखी, आणि खरी एकच. खरी कोणती ते फक्त डिस्कच्या मेनूमागच्या जावा प्रोग्रॅमला ठाऊक. इथे कसलंही एनक्रिप्शन नाही. सगळं डोळ्यांसमोर आहे, फक्त क्रम हरवलेला आहे.

आणि तो गप्प होणारा आवाज? तिथे तर कुलूपच नाही. सिनेमाच्या ध्वनीतच एक खूण विणलेली असते, कानाला न जाणवणारी. तिचं नाव सिनाव्हिया. गाणी, संवाद, सगळ्यांतून ती वाहत राहते. आवाज दाबून लहान केला, दुसऱ्या स्वरूपात बदलला, अगदी थिएटरात बसून साध्या माइकने टिपला, तरी टिकते. फेब्रुवारी २०१२ पासून नव्या ब्लू-रे प्लेअरना ती ओळखणं बंधनकारक झालं. खूण सापडली आणि डिस्क मात्र कारखान्यातली नाही असं दिसलं, की काही वेळाने आवाज बंद होतो आणि पडद्यावर सूचना येते. लोक स्पीकरच्या वायरी तपासत बसतात!

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांनी आणलेली डिस्क इथे चालली नाही, तर यातलं काहीच कारण नसण्याची शक्यता आहे. ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. अमेरिका ए, युरोप बी आणि भारत सी. विभागाची तपासणी ही प्लेअरची साधी विचारणा आहे, किल्ल्यांशी तिचा संबंध नाही. बऱ्याच डिस्कना विभागबंदी नसते, आणि ४के डिस्कना तर ती मुळातच नाही.

कायद्याचं काय, हे विचारलंच पाहिजे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं कुलूप उघडणंच बेकायदेशीर ठरवलं, मग डिस्क तुमच्या मालकीची का असेना. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये घरगुती प्रतीला मुभा दिली आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ती २०१५ च्या जुलैत रद्द केली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र आपल्या कलमात ‘हक्कभंग करण्याच्या हेतूने’ असे शब्द आहेत, आणि कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कारणांसाठी मोकळीकही ठेवलेली आहे. स्वतःच्या वापरापुरत्या उचित उपयोगाची तरतूद कलम ५२ मध्ये वेगळी आहे. माझ्या मते हा अमेरिकेपेक्षा जास्त समंजस मसुदा आहे, कारण तो कुलूप उघडणाऱ्या हातापेक्षा त्यामागचा हेतू पाहतो. पण हेतू सिद्ध करायची वेळ येऊ शकते, हेही लक्षात ठेवून प्रत्येकाने आपलं पाऊल टाकावं.

२०१६ साली ४के ब्लू-रे आली तेव्हा कुलूपवाल्यांनी जुन्या जखमेवरच बोट ठेवलं. किल्ली संगणकाच्या स्मृतीत सापडते ना? मग ती स्मृतीत उघडी येऊच द्यायची नाही. संगणकावर ४के डिस्क पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सोय सक्तीची झाली. प्रोसेसरच्या आत एक बंदिस्त खोली, जिथे चाललेलं काम खुद्द विंडोजलाही दिसत नाही. संगणकाच्या मालकापासून संगणकाचाच एक कोपरा लपवायचा! पण त्या खोलीतही संशोधकांना एकामागून एक फटी सापडत गेल्या, आणि २०२१ पासून घरगुती संगणकांच्या अकराव्या आणि बाराव्या पिढीच्या प्रोसेसरमधून इंटेलने ती सोयच काढून टाकली. त्यामुळे पैसे मोजून घेतलेली ४के डिस्क, पैसे मोजून घेतलेलं अधिकृत सॉफ्टवेअर आणि कोरा करकरीत संगणक, असं सगळं असूनही सिनेमा सुरू होत नाही. त्याआधीच्या पिढीचे, ही सोय असलेले संगणक मात्र तीच डिस्क दाखवत होते. असा नकार तुमच्या वाट्याला आला, तर ड्राइव्ह बदलू नका आणि डिस्कही परत करू नका. आधी प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते पाहा, आणि तो नवा निघाला तर टीव्हीला जोडायचा साधा ४के प्लेअर घ्या.